मासळीबाजारातली रक्ताची पिशवी

ती घटना मला आठवते ती नेहमी मासळीच्या वासासकट. तेव्हा मी भंडारा जिल्ह्यात, मोहाडीच्या बाजूच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. पत्नी जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगा हैदराबादला नोकरीला, आणि ठाण्यामागच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी, एक टीव्ही आणि एक फ्रीज असा आमचा तिघांचा संसार होता. या प्रकरणातल्या कोणाचंही नाव मी इथे देणार नाही. शिक्षा भोगून घरी गेलेल्या माणसाला पुन्हा छापून चौकात उभं करण्यात मला काही पुरुषार्थ वाटत नाही.

आठवडी बाजाराचा दिवस होता. साडेअकराच्या सुमारास बाजारातल्या बंदोबस्तावरच्या हवालदाराचा फोन आला. "साहेब, लवकर या. मासळीच्या ओळीत रक्ताची पिशवी सापडली. माणसाचं रक्त हाय म्हणतेत. लोकं लई जमून राहिले."

दहा मिनिटांत पोहोचलो. थर्माकोलचा मोठा डबा उघडा पडला होता, बर्फ मातीत सांडला होता, आणि रोहू-कटल्याच्या मधोमध दवाखान्यात असते तशी रक्ताने भरलेली प्लास्टिकची पिशवी. पिशवीवर चिकटपट्टी आणि तिच्यावर बॉलपेनने एकच शब्द लिहिलेला, 'दुसरी'. मासळीवाली बाई रडत होती. "मी गरीब बाई, साहेब. तळचा बर्फ काढाले हात घातला तं हे हाती आलं. माह्या घरवाल्यानं डबा भरून देल्ला, मले काय मालूम!" तिचा नवरा सकाळीच जाळं घेऊन दूरच्या तलावावर गेला होता आणि तिथे फोन लागत नव्हता. गर्दी तोवर सुतावरून स्वर्ग गाठून मोकळी झाली होती. कोणी जादूटोणा म्हणत होतं, कोणी किडनी काढणारी टोळी आली म्हणत होतं. एकाने तर मुंडकं कुठे सापडलं हेही मला विचारलं.

अशा वेळी मी वस्तूकडे कमी आणि माणसांकडे जास्त पाहतो. पिशवीपासून प्रत्येक जण एकेक पाऊल मागे सरकत होता. एकच माणूस पुढे सरकत होता. साठीचा, अंगाने काटक, स्वच्छ पांढरा सदरा. तो उकिडवा बसला आणि मातीतला बर्फ ओंजळीने गोळा करून पिशवीभोवती लावू लागला. हे भान आपल्याला कोणी पाहतंय म्हणून येत नाही. हातांना सवय असेल तरच येतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चला, ठाण्यात बसून बोलू."

पंचनामा झाला. पिशवी जप्त झाली. पण ठेवायची कुठे? आमच्या मुद्देमाल खोलीत पंखासुद्धा नव्हता. स्टेशन डायरीत नोंद घेऊन मी ती पिशवी माझ्या क्वार्टरच्या फ्रीजमध्ये, दुधाच्या पातेल्याशेजारी, उभी करून ठेवली. पुढे कोर्टात बचाव पक्षाच्या वकिलाने यावरून माझी चांगलीच फिरकी घेतली. फ्रीजमध्ये त्याखेरीज काय होतं असं त्यांनी विचारलं. अर्धं लिंबू, असं मी खरं ते सांगितलं, आणि कोर्ट हसलं.

त्या माणसाने आपलं एक नाव सांगितलं, गाव पवनी तालुक्यातलं आसगाव सांगितलं, आणि नंतर तोंडात मिठाची गुळणी धरली. आसगावच्या पोलीस पाटलाला फोन लावला. त्याने गावात चौकशी करून तासाभराने कळवलं की या नावाचा असा माणूस गावात नाही. तो एक तास फुकट गेला. नुसता तास म्हणून तेव्हा मला त्याची किंमत वाटली नाही.

चौकशी चालू असताना त्याचा फोन वाजू लागला. स्क्रीनवर 'घर' असं नाव होतं. तो खुर्चीतून अर्धा उठला. "साहेब, एक मिनिट बोलू द्या. एकच मिनिट."

"आधी खरं नाव सांगा."

तो पुन्हा बसला. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला. कोणी साथीदार असणार आणि बोलू दिलं तर तो सावध होणार, असं मी गृहीत धरलं. फोन बंद केला, पंचांसमक्ष पाकिटात घातला आणि वर लाखेचं सील मारलं. कायद्याच्या पुस्तकात पाहाल तर मी काही चुकलो नव्हतो. त्याला अटकही दाखवली नव्हती, फक्त चौकशीला बसवलं होतं, त्यामुळे नातेवाइकांना कळवण्याचा नियमही मला बांधत नव्हता. नियमाच्या अशा फटीत पाय ठेवून उभं राहणं आम्हां पोलिसांना छान जमतं.

चौकशीत ओरडणं मला कधी पटलं नाही. ओरडणारा अधिकारी समोरच्याला विचार करायला वेळ देतो. मी चहा मागवला, शेतीचं विचारलं, यंदाच्या धानाचं विचारलं. त्याने चहाला हात लावला नाही. नेहमीचा गुन्हेगार दाराकडे पाहतो. हा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होता. हा फरक मी टिपला, जमादाराला बोलूनही दाखवला, पण त्याचा अर्थ लावण्याची तसदी घेतली नाही. माझ्या डोक्यात रक्ताच्या चोरीची टोळी पक्की बसली होती.

तीन वाजता जिल्ह्याच्या ठिकाणाहून रक्तपेढीच्या डॉक्टर बाई आल्या. मी त्यांना क्वार्टरवर नेलं. त्यांनी फ्रीज उघडला आणि पिशवी न हलवता खाली वाकून बघितली.

"ही चोरीची नाही," त्या म्हणाल्या. "रक्तपेढीच्या पिशवीवर नंबर असतो, गट असतो, तपासणीचा शिक्का असतो. ही कोणीतरी घरी भरली आहे. पण भरणारा माहीतगार आहे, नळीच्या गाठी बघा किती बरोबर मारल्या आहेत." मग त्यांनी विचारलं, "ठाणेदार साहेब, या भागात कोणी लांब पल्ल्याचं धावतं का? किंवा सायकलच्या शर्यतीत उतरतं?"

मला प्रश्नच कळला नाही. तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. खेळाडूचं स्वतःचंच रक्त महिना-दीड महिना आधी काढून ठेवायचं. शरीर तेवढं रक्त पुन्हा तयार करतं. मग शर्यतीच्या आधी काढलेलं परत चढवायचं. रक्त वाढलं की प्राणवायू वाहून नेणाऱ्या पेशी जास्त, दम टिकतो. जगभर मोठमोठे खेळाडू यात पकडले गेले आहेत. भंडारा जिल्ह्यात हे त्याही पहिल्यांदाच पाहत होत्या.

"आणि ही पिशवी गेली," त्या म्हणाल्या. "वरचा पाण्यासारखा थर बघा. तो पिवळसर हवा. हा लाल झाला आहे. बर्फाला थेट टेकून रक्त गोठलं आणि पेशी फुटल्या."

"चढवली तर?"

"माणूस जाऊ शकतो."

पिशवीवर 'दुसरी' लिहिलेलं होतं. म्हणजे कुठेतरी पहिली होती. दुपारभर मी चोर शोधत होतो. आता मला एक माणूस वाचवायचा होता आणि तो कोण, कुठे, हे ज्याला ठाऊक होतं तो माझ्यासमोर तीन तास घड्याळ बघत बसला होता.

पिशवी तशीच अलगद उचलून ठाण्यात आणली आणि त्याच्या टेबलावर उभी धरली. काही विचारलं नाही. एवढंच म्हणालो, "तुम्ही यातले माहीतगार आहात. बघा."

त्याने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला, आणि वाकून पाहिलं. "वरचं पाणी लाल झालं, साहेब." मग तो टेबलाला धरून उभा राहिला. "पहिली बी याच डब्यात होती. माह्या पोरीजवळ हाय ते. शहापूरले. मले सोडा साहेब, ते लावून घेईल!"

बाकीची हकिकत गाडीत कळली. शहापूरपर्यंतच्या वाटेत तो थांबून थांबून बोलत होता, मध्येच ड्रायव्हरला "हाणा ना भाऊ गाडी" म्हणत होता.

एका ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तो तीस वर्षं परिचर होता. बायको लवकर गेली. दोन मुलं. मोठ्या मुलाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार होता. आमच्या भागात हा आजार घरोघरी ठाऊक आहे आणि घरोघरी लपवला जातो, कारण सोयरीक मोडते. मुलाला दर दीड-दोन महिन्यांनी रक्त चढवावं लागे. "सकाळी खांद्यावर टाकून न्यावं, साहेब. पिशवी चढली का संध्याकाळी पोरगा भात मागे, अंगणात खेळाले जाय. हे म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं हाय. एक पिशवी म्हणजे काय असते ते मले ठावूक हाय." तो मुलगा अकराव्या वर्षी गेला. मुलगी उरली. तिच्यात सिकलसेलचा अंश होता पण आजार नव्हता. ती धावायची. कालव्याच्या रस्त्यावर पहाटे ती धावे आणि बाप मागून सायकलवर. राज्याच्या निवड चाचणीत तीन जणी घेतात; ती दोन वर्षं चौथी आली होती. वयाप्रमाणे हे शेवटचं वर्ष होतं. निवड झाली असती तर खेळाडूंच्या जागेवर सरकारी नोकरीचा मार्ग उघडणार होता. दोन दिवसांनी नागपूरला चाचणी होती, आणि जायला सोयीचं म्हणून तिने शहापूरला हायवेलगत खोली घेतली होती.

आजारी पोराला जे उठवतं ते धडधाकट पोरीला उडवेल, असा त्या बापाचा सरळ हिशोब होता. असा हिशोब तोच करू शकतो ज्याने रक्ताच्या पिशवीकडे तीस वर्षं देवासारखं पाहिलं आहे. त्याने तिचं रक्त दोनदा काढलं, घरच्या फ्रीजमध्ये जपलं. चार दिवसांपूर्वी फ्रीज बंद पडला. शेजारच्या गावातल्या एका ओळखीच्या मासळीवाल्याच्या डब्यात दोन्ही पिशव्या "औषध हाय, खोलू नोको" म्हणून ठेवल्या. आदल्या दिवशी त्यातली पहिली, पाण्याच्या जारमध्ये बर्फ घालून, शहापूरला पोहोचवली. जारमध्ये एकच मावत होती. पोरीच्या हातात सलाईनची सुई लावून, पट्टी मारून आला, म्हणजे दुसऱ्या दिवशी खटपट नको. सकाळी दुसरी न्यायला गेला तर डबा बाजारात गेलेला. त्याच्यामागे तो बाजारात आला आणि माझ्या हाती लागला.

"पिशवी तुम्ही तपासून पाहिली नाही?" मी विचारलं.

"चढवाच्या आधी पाहतच असतो मी. तीस वर्षं पाह्यली. काल ते जारमध्ये हालली होती, थर बसला नोव्हता. म्हटलं उद्या पाहीन. म्या नव्या पोराईले शिकवलं साहेब, वरचं पाणी लाल दिसलं का फेका." मग त्याने विचारलं, "तिचा फोन येऊन राहिला असन न?"

पाकीट सील केलेल्या अवस्थेत ठाण्याच्या कपाटात होतं. तिचा नंबर त्याला पाठ होता. माझ्या फोनवरून लावला. नुसता वाजत राहिला.

पावणेपाचला पोहोचलो. दाराला आतून कडी होती. जमादाराने दोन धक्क्यांत ती तोडली. खिडकीच्या गजाला बुटाच्या नाडीने पिशवी टांगलेली होती आणि खाली चटईवर ती पोरगी गुडघे पोटाशी घेऊन थडथड कापत होती. बावीस-तेवीसची असेल. दात वाजत होते. फोन हाताजवळ पडलेला. एक चतुर्थांश पिशवी रिकामी झाली होती. नळीवरचं चाक कोणत्या बाजूला फिरवायचं ते मला कळेना. बापाने मला बाजूला ढकललं आणि एका बोटाने ते बंद केलं.

"बाबा," ती म्हणाली, "तू आलाच नाही. बर्फ वितळून राहिला होता. म्हटलं रक्त खराब होईल."

तिला आमच्याच गाडीतून दवाखान्यात नेलं. लघवी काळी झाली होती. तिसऱ्या दिवशी मूत्रपिंडांनी काम सोडलं आणि डायलिसिस सुरू झालं. बाप अटकेत होता. न्यायालयाची परवानगी काढून मी त्याला एकदा वॉर्डात नेलं. तो आधी तिच्या चेहऱ्याकडे गेलाच नाही. खाटेखालच्या लघवीच्या पिशवीपाशी बसला, ती उजेडाकडे करून पाहिली आणि म्हणाला, "रंग उतरून राहिला, बाई." त्यानंतर तो रडला. बेडी मी दाराबाहेरच काढली होती. नियमात बसत नव्हतं, पण तेवढं मी केलं.

तपासात बापाचा जबाब असा की पोरीला काहीच ठाऊक नव्हतं, ताकदीचं सलाईन म्हणून सांगितलं होतं. पोरीला तो जबाब वाचून दाखवला. ती उशीला टेकून ऐकत होती. "खोटं बोलून राहिला बाबा. मले सगळं माहीत होतं. म्याच म्हटलं होतं, यंदा काही बी कर. लिहा साहेब." माझ्या नोकरीत गुन्हा दुसऱ्यावर ढकलणारे ढिगाने पाहिले; अंगावर ओढून घेण्यासाठी भांडणारे हे दोघेच. तिने सांगितलं तसं मी लिहिलं. त्यामुळे तिच्यावर बंदी आली. तशीही ती आता धावणार नव्हती. मूत्रपिंडं सावरली, पण लांब पल्ल्याचं पुन्हा नाव काढू नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

काही महिन्यांनी उत्तेजक द्रव्यं तपासणारे दोन अधिकारी दिल्लीहून कागदपत्रं पाहायला आले. मी त्यांना विचारलं, ही पोरगी धावली असती तर तुमच्या तपासणीत सापडली असती का? त्यांनी प्रामाणिकपणे नकारार्थी मान हलवली. दुसऱ्याचं रक्त असेल तर पकडता येतं. स्वतःचंच असेल तर सरळ ओळखणारी खात्रीची चाचणी नाही. खेळाडूच्या रक्ताची वर्षानुवर्षं नोंद ठेवली तर मधेच झालेला चढउतार दिसतो. पण कालव्यावर धावणाऱ्या पोरीची नोंद ठेवतंय कोण? मी जप्तीतली एक शाळेची वही त्यांच्यापुढे ठेवली. तिच्यात बापाने सहा वर्षं, दर महिन्याला, लेकीचं हिमोग्लोबिन सुवाच्य अक्षरात उतरवून ठेवलं होतं. ते दोघे बराच वेळ पानं उलटत बसले. इतकी चांगली नोंद फार थोड्या खेळाडूंची असते, असं त्यांतला एक म्हणाला.

निवृत्त होण्याच्या आधी मी तिला आणखी एकदाच भेटलो. बाप तुरुंगात होता, ती घरी एकटीच होती. तिने चहा केला. घरात कोणी नसलं की माणूस कपबशीचा आवाजही सांभाळून करतो, हे मला क्वार्टरमध्ये राहून ठाऊक होतं; तीही तसंच करत होती. निघताना तिने विचारलं, "साहेब, त्या दिवशी म्या अठरा फोन केले. एक बी काहून नाही उचलला तुम्ही? बाबानं पिशवी एक डाव पाह्यली असती तं फेकून देल्ली असती."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर सुचलं असतं. साथीदार, पुरावा, पंचनामा, सगळे शब्द माझ्याजवळ होते. मी टोपी घातली आणि बाहेर आलो.

या प्रकरणात मला प्रशस्तिपत्रक मिळालं. वेळेत पोहोचून जीव वाचवल्याबद्दल. ते मी कुठे टांगलं नाही. नोकरीच्या राहिलेल्या काळात मात्र ठाण्यात कोणालाही आणलं, मग तो खिसेकापू असो की खुनातला संशयित, तर नाव-गाव विचारण्याआधी मी विचारत असे, घरी तुझी वाट कोण पाहतंय? आणि त्याचा फोन वाजला तर उचलत असे. नवे फौजदार आपसात हसायचे, म्हातारा हळवा झाला म्हणायचे. म्हणू देत. पकडलेल्या माणसाच्या भरवशावर आणखी कोणीतरी कुठे एकटं बसलेलं असतं, एवढी साधी गोष्ट. ती शिकायला मला चौतीस वर्षांची नोकरी पुरली नाही. एका पोरीचं धावणं खर्ची पडलं.